बफीचा आठवा सीझन कॉमिक्समध्ये आहे म्हणतात. वाचावा का?

तुम्ही लिहिलंय की 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या अमेरिकी मालिकेचे सातही सीझन पाहून झालेत, आता चुकल्या चुकल्यासारखं वाटतंय, आणि पुढची गोष्ट कॉमिक्समध्ये आहे तर ती घ्यावी का. पहिले दोन खंड डोळे झाकून घ्या. उरलेल्या सहांचं खाली सांगते, पण त्यात कथानक फुटेल.

मी बफी पाहिली ती कॉलेजात असताना, नाशिकला, केबलवर. घरात एकच टीव्ही. आजीची मालिका संपली की माझी पाळी, आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. मग उरलेला भाग दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडवर मैत्रिणीकडून ऐकायचा (तिच्याकडे इन्व्हर्टर होता आणि ती मला तो जाणवून द्यायची). मालिका 2003 मध्ये संपली. बफीचं अख्खं गाव, सनीडेल, खड्ड्यात गेलंय आणि काठावर बफी, पुढे काय करायचं या प्रश्नावर नुसती किंचित हसते. तेवढ्यावर मी चार वर्षं काढली.

2007 मध्ये आठवा सीझन कॉमिक्समध्ये सुरू झाला, आणि तोही मालिकेचा कर्ता जॉस व्हेडन याच्याच देखरेखीखाली, म्हणजे कुणा भलत्याने रचलेली गोष्ट नव्हे. 2011 पर्यंत 40 अंक निघाले, त्यांचे आठ खंड झाले. माझा भाऊ तेव्हा अमेरिकेत होता. दर दिवाळीला येताना चिवड्याच्या रिकाम्या डब्यांबरोबर तो एक-दोन खंड आणायचा.

पहिला खंड मला आवडला. स्कॉटलंडमधला किल्ला, जगभरातल्या शेकडो नव्या स्लेअर (बफीसारख्या, व्हॅम्पायर मारणाऱ्या मुली), त्यांच्या तुकड्या, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला बफीचा मित्र झँडर सगळ्यांना हुकूम सोडतोय. बफीची धाकटी बहीण डॉन तर ताडामाडाएवढी उंच झालेली. बघायला मजा येते. दुसऱ्या खंडात फेथ या दुसऱ्या स्लेअरची गोष्ट आहे, ब्रायन के. व्हॉनने लिहिलेली. तिच्यात फेथ आणि बफीचा गुरू जाइल्स यांची जोडी जमते, आणि मला तो सगळ्या आठव्या सीझनमधला सर्वांत चांगला भाग वाटतो.

पुढे मात्र पसारा वाढतच गेला. तोक्योवर महाकाय यांत्रिक डॉन, पाणबुडी, तिबेट, देवता. बफी आणि तिचा जुना प्रियकर, व्हॅम्पायर एंजल, आकाशात उडत जे करतात आणि त्यातून जे एक नवं विश्व जन्माला येतं, ते इथे लिहायची माझी हिंमत नाही.

कॉमिक्समध्ये किल्ला काढायला आणि खोली काढायला सारखीच शाई लागते. मालिकेकडे पैसा बेताचा होता, म्हणून राक्षस दोन मिनिटं दिसायचा आणि उरलेला वेळ चौघं शाळेच्या लायब्ररीत बसून बोलायची. आपला जीव त्या बोलण्यावर जडला होता. 'हश' आठवतो ना? सगळ्या गावाचे आवाज चोरीला जातात आणि अर्ध्याहून जास्त भाग कुणी तोंडातून शब्द काढत नाही. किंवा 'द बॉडी': बफीची आई सोफ्यावर गेलेली, आणि पूर्ण भागात पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. आमच्या कालिदास कलामंदिरात मी दोन खुर्च्या आणि एका दारावर उभी राहिलेली नाटकं पाहिली आहेत, आणि सरकता रंगमंच, धूर, लेझर घेऊन आलेलीही. दुसऱ्या जातीच्या नाटकांत नट कुठे उभे होते ते आता आठवत नाही.

आवाजाचं दुःख वेगळंच. सुरुवातीला मी संवादांचे फुगे वाचायचे तर डोक्यात आपोआप त्या-त्या नटाचा आवाज यायचा. चौथ्या खंडापर्यंत तो यायचा बंद झाला. मुखपृष्ठांवरची जो चेनची चित्रं इतकी सुंदर की पाहताक्षणी माणूस ओळखू येतो. आत मात्र गर्दीत कोणती मुलगी कोण हे शोधायला मी दोन-दोन पानं मागे जायचे.

आणि तो खलनायक वॉरन! सहाव्या सीझनमध्ये बफीची जादूगार मैत्रीण विलो हिने त्याची कातडी सोलली, तो मेला. सातव्यात 'द फर्स्ट' ही दुष्टशक्ती त्याचं रूप घेऊन येतो, आणि द फर्स्ट फक्त मेलेल्यांचंच रूप घेऊ शकतो, हा मालिकेचाच नियम. कॉमिक्समध्ये हा पठ्ठ्या कातडीशिवाय जिवंत. मी भावाला रात्री फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, झोप."

पण खरी कळ आली ती आठव्या खंडात. मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघाले होते. इगतपुरी गेलं, कसारा घाटातले बोगदे सुरू झाले, आणि एंजलने जाइल्सची मान मोडली. दुसऱ्या सीझनमध्ये त्यानेच जाइल्सच्या प्रेयसीची, जेनीची, अशीच मान मोडली होती, आठवतं? तेव्हा बफीने जाइल्सला मिठी मारली होती आणि आपण सगळे रडलो होतो. इथे एवढ्या धामधुमीत ते इतक्या झटपट उरकलं की मला रडूही येईना, नुसता राग आला. समोरच्या काकूंनी विचारलं, "मुलासाठी घेतलंय का?" मी हो म्हटलं.

गंमत म्हणजे चाळिसाव्या अंकाच्या शेवटी व्हेडनचं वाचकांना पत्र आहे. हवं तितकं बजेट हाती आल्यासारखं वाटून भव्य करत गेलो, पण मलाही आवडतात ती साधी माणसंच, अशा अर्थाचं तो त्यात लिहितो. आणि तो अंकही तसाच आहे. बफी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, डॉन-झँडरच्या घरी सोफ्यावर झोपते, कॉफीच्या दुकानात वेट्रेसचं काम करते, आणि जादू संपल्यामुळे निम्मं जग तिच्यावर चिडलेलं. वाचताना तिचा आवाज पुन्हा ऐकू आला. तेव्हा सगळे खंड नसले घ्यायचे, तरी हा एक अंक कुठे सुटा मिळाला तर सोडू नका.

बाकीचे पाच भावाकडे परत गेलेत. पहिला, दुसरा आणि आठवा माझ्याकडे आहेत. आठव्यातली जाइल्सची पानं मी स्टेपल करून टाकली आहेत.