पुन्हा मोजणी करण्याआधी लाकडाच्या घनतेचा तक्ता तपासा

आपली पोस्ट दोनदा वाचली. संगमेश्वर तालुक्यातील देवराई आणि तिला लागून असलेले खासगी रान, या दोन्ही ठिकाणच्या झाडांत साठलेला दर हेक्टरी कार्बन त्याच प्लॉटांच्या चार वर्षांपूर्वीच्या आकड्यांपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने जास्त येतो आणि त्यामुळे पाऊस सरल्यावर सगळे प्लॉट नव्याने मोजण्याचा विचार आहे, असे आपण लिहिले आहे. मोजणीस निघण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी, अशी माझी विनंती आहे. हुबेहूब हेच दुखणे मला झाले होते आणि त्याचे मूळ रानात नव्हतेच.

आपण जोडलेल्या तक्त्यात बारीक झाडांपासून थोराड झाडांपर्यंत सर्वांचे वजन सारख्याच प्रमाणात फुगलेले दिसते. मोजणीच्या चुका अशा वागत नाहीत. झाडांच्या दाट छत्रात शेंडा दिसत नाही म्हणून आपल्या बाजूच्या फांदीवर क्लिनोमीटर (उंची काढण्याचे कोनमापक) रोखला, तर उंच झाडांचा आकडा अधिक बिघडतो आणि लहान झाडे या चुकीतून बरीचशी सुटतात. घेर जमिनीपासून 1.37 मीटरऐवजी 1.3 मीटरवर घेतला, तरी एवढा फरक पडत नाही. उतारावर टेप जमिनीलगत धरून प्लॉट आखला असेल, तर 30 अंशांच्या चढावर 20 मीटरचे आडवे अंतर 17.3 मीटरच भरते. म्हणजे प्रत्यक्षात कमी क्षेत्रातील झाडे जास्त क्षेत्राने भागली जातात आणि आकडा वाढण्याऐवजी घटतो. सर्व झाडांना सारखाच गुणणारा घटक एकच उरतो, तो म्हणजे लाकडाची घनता.

झाडाचे वजन काढण्यासाठी आपण वापरलेले शाव्ह आणि सहकाऱ्यांचे 2014 चे समीकरण, म्हणजे 0.0673 × (घनता × व्यासाचा वर्ग × उंची) चा 0.976 वा घात, हे बेसिक डेन्सिटी गृहीत धरते: ओव्हनमध्ये पूर्ण सुकवलेल्या लाकडाचे वजन भागिले त्याच लाकडाचे ओले असतानाचे आकारमान. इमारती लाकडाच्या जुन्या तक्त्यांत मात्र बहुधा 12 टक्के ओलाव्यावरील, हवेत सुकलेल्या लाकडाची घनता दिलेली असते. तिच्यात वजनात पाणी धरलेले असते आणि आकारमान आकसलेले असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जास्त भरते. 2018 साली प्रसिद्ध झालेला रूपांतराचा गुणक 0.828 आहे. सुमारे 94 सेंमी घेराचा, म्हणजे 30 सेंमी व्यासाचा, 15 मीटर उंच ऐन वृक्ष घ्या. तक्त्यातील 0.86 (ग्रॅम प्रति घन सेंमी) ही घनता जशीच्या तशी घातली, तर त्याचे जमिनीवरील वजन 624 किलो येते. रूपांतर करून 0.71 घातली, तर 518. आपला पाचवा हिस्सा तो हाच, असे मला वाटते.

मला हे कळायला जो काळ लागला, त्याचे श्रेय एका कार्यालयाला द्यावे लागेल. तेथून मिळालेल्या तक्त्यात प्रजातींची नावे होती, समोर घनता होती, आणि ती कोणत्या ओलाव्यावरची आहे याचा उल्लेख कुठेही नव्हता. पत्र लिहिले, तर उत्तर आले की तक्ता अधिकृत आहे. अधिकृत आहे हे मान्यच होते. तो ओल्या लाकडाचा की सुक्या, एवढेच विचारले होते. प्रत्यक्ष गेल्यावर संबंधित अधिकाऱ्यांची बदली झाल्याचे समजले, आणि माहितीच्या अधिकारातील अर्जावर ‘सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असा एका ओळीचा निकाल लागला. दरम्यान कोरडा हंगाम निघून गेला आणि सगळे प्लॉट पुन्हा मोजूनही आकडा जागचा हलला नाही. मूळ नोंदवहीतला मथळा नक्कल करताना कोणीतरी गाळला असावा, इतकाच माझा अंदाज आहे. त्यानंतर ज्याच्या मथळ्यात ओलावा लिहिलेला नाही असा तक्ता, मग त्यावर शिक्का कोणाचाही असो, मी वापरत नाही.

आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे 2009 चा जागतिक काष्ठघनता संग्रह. त्यातील मूल्ये बेसिक डेन्सिटीचीच आहेत. प्रजाती न सापडल्यास वंशाची (जीनसची) सरासरी घेण्याचा प्रघात आहे, पण ऐन, किंजळ, बेहडा हे सगळे एकाच वंशातले असून त्यांची लाकडे एकसारखी नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. स्वतः घनता काढायची असेल, तर नमुना पाण्यात बुडवून आकारमान घ्यावे आणि 103 ते 105 अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवावे. मात्र देवराईत बोरर (खोडातून नमुना काढण्याचे गिरमिट) लावू नये. तेथे कोयतासुद्धा चालत नाही आणि गावकऱ्यांचा विश्वास एकदा गेला की पुढची सर्व मोजणी संपते; नमुने लगतच्या रानातून, मालकाची व वनखात्याची परवानगी घेऊन घ्यावेत.

खासगी रानाबाबत आणखी एक शंका आहे. तेथे राबासाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी) वर्षानुवर्षे कवळ, म्हणजे पाल्यासह फांद्या, तोडले जात असेल, तर खोड जाड आणि वर फांद्यांचा विस्तार तोकडा, अशी झाडे असतील. समीकरण नैसर्गिक वनांतील झाडांवर बेतलेले असल्यामुळे घनता दुरुस्त केल्यावरही या झाडांचे वजन जास्तच दिसेल. त्यासाठी नेमका गुणक मी सुचवू शकत नाही. छाटलेल्या झाडांची वेगळी खूण ठेवून त्यांची बेरीज स्वतंत्र दाखवणे हेच मला प्रामाणिक वाटते. एकाच बुंध्यातून फुटलेल्या खोडांचे व्यास मात्र सरळ बेरजेने नव्हे, तर वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने एकत्र करावेत.

जेडी (GEDI), म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून लेझरने झाडांची उंची मोजणारे उपकरण, त्याच्या आकड्यांशी ताळा करण्याचा आपला बेत मला पटत नाही. त्याच्या एका लेझर-झोताचा जमिनीवरील ठसा सुमारे 25 मीटर व्यासाचा असतो. 30 अंशांच्या उतारावर तेवढ्या अंतरात जमीनच 14 मीटर चढते आणि छत्राची उंची फुगवून दाखवते. सपाट सड्यावर (कातळपठारावर) चालेल, घाटउतारावर नाही.

मी लाकूडशास्त्रज्ञ नाही आणि आपला मूळ तक्ता मी पाहिलेला नाही, त्यामुळे माझे निदान चुकूही शकते. पण तपासणीला एक संध्याकाळ पुरते: घनतेच्या रकान्याला 0.828 ने गुणा आणि दर हेक्टरी बेरीज पुन्हा काढा. जुन्या आकड्याच्या जवळ आली, तर जुना आकडा कोणत्या घनतेवर काढला होता तेही आपल्या मार्गदर्शकांना विचारा, आणि नाहीच जुळली तर प्लॉटनिहाय फाइल येथे टाका.