कॉलेजला कावीळ सांगितलीय, आता पुढे काय?

पत्र: मॅडम, माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, वय 21. जुलैमध्ये डाव्या बाजूला गाठ लागली, बायोप्सीत ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा, स्टेज दोन. केमो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतेय, नंतर ऑपरेशन, मग रेडिएशन. हॉस्टेल सोडवून तिला साताऱ्याला घरी आणलंय. कॉलेजला कावीळ सांगितलीय, मुलीची जात आहे, उद्या लग्नाचं बघायचं. कॅम्पसमधून एका आयटी कंपनीत सिलेक्शन झालंय ते जाईल का? वर्ष ड्रॉप करावं का? गॅप कशी लपवायची? एज्युकेशन लोन पण आहे. – एक आई

(खाली वेगळ्या अक्षरात: मॅडम, आईने लिहिलंय ते बरोबर आहे पण मला कुणी विचारलं नाही. मला डिसेंबरचे पेपर द्यायचेत.)

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि खालच्या त्या ओळी चार-पाच वेळा. उत्तर तुम्हाला लिहितेय पण तिच्यासमोर बसून वाचा, मधलं काही गाळू नका.

मी करिअरवर सल्ला देणारी, पण आधी माझ्या विषयाबाहेरचं बोलते, कारण त्याला तारीख आहे आणि करिअरला नाही. केमोने स्त्रीबीजांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून पहिला डोस जायच्या आधी बीजं काढून फ्रीझ करून ठेवता येतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. 21 वर्षांच्या पोरीशी हा विषय कोण काढणार म्हणून घराघरात राहून जातं आणि नंतर वेळ गेलेली असते. करायचं की नाही ते ती आणि डॉक्टर ठरवतील, पण या आठवड्यात विचारा तरी. दुसरं, गाठ डावीकडे आहे म्हणजे केमोची लाइन बहुतेक उजव्या हातात टाकतील, आणि ती उजव्या हातानेच लिहीत असेल तर हे आधीच सांगा, त्याऐवजी छातीत पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) बसवता येतो का ते विचारा. डॉक्टरांना वहीतले पेपर दिसत नसतात हो, ते आपणच सांगायचं. इतक्या लहान वयात ट्रिपल निगेटिव्ह निघाला की बीआरसीए नावाची जनुकीय टेस्ट पण सुचवतात, ती कधी करायची हेही विचारून ठेवा.

आता कावीळ. ताई, रागवत नाहीये, घाबरलेल्या माणसाला जे पहिलं सुचतं ते तुम्ही बोललात. पण कावीळ दोन महिन्यांत बरी होते, मग क्लास टीचर विचारणार कधी येतेय, मग तुम्ही दुसरं काहीतरी सांगणार, आणि जेव्हा हजेरीत सवलत मागायला मेडिकल सर्टिफिकेट द्यायची वेळ येईल तेव्हा त्यावर कॅन्सर हॉस्पिटलचा शिक्का असणार. त्या दिवशी तुम्ही खोट्या ठराल, आणि टर्म ग्रँट करणं, म्हणजे परीक्षेला बसू देणं, ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर ठराल.

हे मी अक्कल शिकवायला सांगत नाहीये, मी स्वतः यात चुकलेय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे हेच दुखणं होऊन बरी झालेली एक मुलगी आली होती, मी तिला सांगितलं की इंटरव्ह्यूत घरगुती कारणाने गॅप पडली म्हण. नोकरी लागली. जॉइनिंगच्या मेडिकल फॉर्मवर आधी काही ऑपरेशन झालंय का हा रकाना आला, तिने माझं ऐकून त्यात "नाही" असं लिहिलं, आणि मग दर तीन महिन्यांनी फॉलोअपला जायचं म्हटलं की कधी आजी आजारी कधी मावसभावाचं लग्न. एचआरने काढली नाही तिला, तिनेच आठव्या महिन्यात सोडली, म्हणाली मॅडम, काम जमत होतं पण कोणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवणं नाही जमत. वर कंपनीचा मेडिक्लेम असून तिने तो कधी वापरला नाही, आणि बहुतेक ठिकाणी ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात! तो सल्ला माझा होता. तेव्हापासून मी तो कुणाला देत नाही.

म्हणजे गावभर दवंडी पिटा असंही नाही. कॉलेजात प्रिन्सिपल, एचओडी आणि एक्झाम सेक्शन, एवढ्यांना लेखी कळवा, सोबत हॉस्पिटलचं सर्टिफिकेट आणि केमोचं शेड्यूल लावा, अर्जाची पोच घ्या, इनवर्ड नंबर टाकून घ्या. तोंडी झालेलं बोलणं सबमिशनच्या वेळी कुणाला आठवत नाही. मैत्रिणींना काय सांगायचं ते तिचं तिने ठरवावं, ते ना तुमचं ना माझं.

वर्ष ड्रॉप करायचं का, तर मी आज हो पण म्हणणार नाही आणि नाही पण. शेड्यूल बघा. तुम्ही जो कागद पाठवलाय त्यात आधी लाल औषधाचे चार डोस आहेत, दर तीन आठवड्यांनी, आणि मग दर आठवड्याला एक असे बारा. म्हणजे लाल औषध नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतं आणि आठवड्याचे डोस फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. त्या एकवीस दिवसांच्या चक्रात पहिला आठवडा मळमळ आणि गळून जाण्यात जातो, दुसऱ्यात पांढऱ्या पेशी खाली येतात म्हणून गर्दी नको, मेसचं जेवण नको, आणि 100.4 ताप दिसला तर रात्र असो की दिवाळी, थेट हॉस्पिटल गाठायचं. तिसरा आठवडा बऱ्याच जणींना चांगला जातो. प्रॅक्टिकल, ओरल, प्रोजेक्ट रिव्ह्यू, जे काही समोर जाऊनच करावं लागतं ते त्या आठवड्यात घालायचं, एचओडींनी मनावर घेतलं तर बॅच बदलून मिळते, मी पाहिलंय. बाकी प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि लिटरेचर सर्व्हे ती घरून करेल, ग्रुपमधल्या पोरांना लिहायचा कंटाळा असतोच. एक गंमत सांगते, केमोबरोबर स्टेरॉइड देतात त्यामुळे त्या रात्री कधीकधी झोपच लागत नाही, मघाशी सांगितलेली ती मुलगी तिच्या केमोच्या दिवसांत रात्री तीनला फाइल फॉरमॅट करत बसायची.

डिसेंबरचे पेपर आठवड्याच्या डोसांमध्ये येतील. ते लाल औषधापेक्षा सहसा सोसतात, पण बोटांना मुंग्या येतात, लिहायचा वेग कमी होतो, वाचलेलं पटकन विसरायलाही होतं. म्हणून सगळे विषय एकदम नको, जे तिला आधीपासून येतायत ते दोन-तीन द्यावेत, रायटर मिळेल का ते आत्ताच विचारून ठेवावं, राहिलेले पुढच्या वेळी. आठव्या सेमचं मात्र मला अवघड दिसतंय, मार्चमध्ये ऑपरेशन, त्यानंतर बरं होण्यात आणि रेडिएशनमध्ये मे उजाडणार. तिथे वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष मागे पडणं) लागला तर लागू दे.

नोकरीचं. ऑफर लेटर नीट वाचा, बॅकलॉग नसण्याची आणि टक्क्यांची अट त्यात बहुतेक असते. वेळेत डिग्री होणार नसेल तर आधी कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरशी बोला आणि त्यांच्यामार्फत जॉइनिंग पुढे ढकलून मागा, मेडिकल कारण एवढं पुरे, आजाराचं नाव लिहायची गरज नाही. मिळालं तर छान. नाही मिळालं तर ऑफर जाईल, खोटा धीर देणार नाही, पण फ्रेशरच्या भरतीत बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्या दोन वर्षांपर्यंतची गॅप चालवून घेतात, ज्यावर अडतं ते बॅकलॉगवर. रेझ्युमेत एक ओळ, "वैद्यकीय कारणाने एक वर्ष, उपचार पूर्ण." इंटरव्ह्यूत विचारलं तर तेवढंच बोलायचं आणि प्रोजेक्टवर यायचं, पण कुठल्याही फॉर्मवर सही करताना खोटं लिहायचं नाही. फरक कळतोय ना, न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं.

लोनच्या बँकेला आत्ताच लेखी कळवा की आजारपणामुळे कोर्स लांबतोय, हप्ते सुरू व्हायची मुदत वाढवून मिळू शकते, पण हप्ता थकल्यावर गेलात तर मॅनेजरचा सूर वेगळा असतो. आणि एफडी मोडायच्या आधी हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राच्या (सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर जा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाचं रेशन कार्ड चालतं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, फक्त हॉस्पिटल योजनेत असायला हवं.

नातेवाईक येतील, कुणी गोमूत्र सांगेल, कुणी मोबाइलवर ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या अभिनेत्री हिना खानचे व्हिडिओ दाखवून बघ ती कशी हसतमुख आहे म्हणेल. हिना खानने 2024 मध्ये आपला आजार जाहीर केला ते धाडसाचंच होतं, पण तुमच्या पोरीने उलट्या झाल्यावर हसतमुख असायची काही जबाबदारी नाही. रडली तर रडू द्या. आणि लग्नाचं म्हणाल तर ताई, जिच्यासाठी हे सगळं लपवताय तिने पत्रात लग्नाचा ल पण काढलेला नाही.

आता तुझ्याशी. तुला कुणी विचारलं नाही, तर मी विचारते. सातव्या सेमचे विषय आणि केमोच्या तारखा एकाच कागदावर लिहून मला पाठव, ज्या विषयांचं तुला टेन्शन नाही त्यांच्यापुढे टिक कर. तारखा पेन्सिलने लिही, काउंट (रक्तातल्या पेशी) खाली आले की डोस पुढे जातो.