कुस्ती-ज्युदोत अंगाला हात लागताच समोरच्याची चाल ओळखायला कसं शिकावं? डोळे बांधून सराव करावा का?

डोळे बांधायचं खूळ आधी डोक्यातून काढा.

पुण्यात ज्युदो शिकताय, समोरच्याला धरलं तरी तो काय करणार ते पडल्यावरच कळतं, असं तुम्ही लिहिलंय. ते तसंच होणार, कारण तुम्ही फार आवळून धरताय. पाच किलोच्या पिशवीत कुणी लिंबू टाकलं तर हाताला पत्ता लागत नाही, रिकाम्या पिशवीत लगेच लागतो. आधी पकड सैल करा.

आमच्या निपाणीकडच्या तालमीत नव्या पोराला कितीतरी दिवस नुसत्या खडाखडीत ठेवायचे. एक हात मानेवर, एक मनगटाला, डाव मारायचा नाही. फिरत राहायचं आणि समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे ते हातानं ओळखायचं. पटात, म्हणजे पाय धरायला, शिरणारा गडी आधी मान खाली घेतो, तुमच्या तळव्याला ती निसटल्यासारखी वाटते. रेटणारा चवड्यावर आलेला असतो. डोळ्यानं बघून अंग हलायला साधारण 200 मिलिसेकंद जातात, स्पर्शाला त्याहून कमी. शिवाय नजर हुलीला फसते. नुसत्या हुलीत अंगाचा भार हलत नाही, म्हणून हात सहसा फसत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या भागातल्या एका जत्रेत माझी जोड धारवाडकडच्या गड्याशी लागली होती. माझ्यापेक्षा चांगलाच वजनदार. कुस्ती रेंगाळली, अंधार पडला, दिवे लावले. निम्मी माणसं कानडीत ‘बिडबेड, बिडबेड’ ओरडत होती, निम्मी मराठीत तेच, ‘सोडू नको’. आणि लाइट गेली. हलगी थांबली. पंच कुठंतरी लांबून ‘सोडा, सोडा’ म्हणत होते, पण आम्ही दोघंही सोडेनात. त्याच्या मानेवर माझा हात होता. दमलेला होता, श्वास माझ्या खांद्यावर लागत होता. मग तो श्वास थांबला आणि छातीचा रेटा आला. मी त्याचा हात बगलेत आवळून कंबर आत घातली आणि ढाक मारली, म्हणजे कंबरेवरून उलटा टाकला. लाइट आली तेव्हा तो चीत होता आणि मी त्याच्या छातीवर होतो.

पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. ‘आम्ही बघितलं नाही.’ इनाम निम्मं निम्मं. पाठीला लागलेली माती तरी बघायची! तेवढंही कुणी बघितलं नाही.

माझा आतेभाऊ तिथंच बसला होता. आता तो मॅटवर पोरं तयार करतो आणि अजून म्हणतो, ‘नशिबानं लागली रे तुझी ढाक. तो पाय घसरून पडला, तू काय केलास?’ पाय घसरलेला माणूस कंबरेवरून उलटा जात नाही, एवढं कोचला कळायला हवं. मातीत वेळ वाया जातो, हेही त्याचंच मत. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंद केसरी झाले, ते मातीत घडलेले पैलवान होते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. जरा हात लावून अंदाज घेत राहिलात तर निष्क्रिय म्हणून ताकीद, पुढं 30 सेकंदांत गुण मिळवला नाही तर समोरच्याला 1 गुण. अशा घाईत हात शहाणा कधी होणार? त्याची पोरं ताकदीनं चांगली आहेत, पण मान धरतात ती खांब धरल्यासारखी.

ज्युदोत अंगावर जाकीट असतं, त्यामुळं बाही धरलेल्या हाताकडं लक्ष द्या. करंगळीकडची बोटं धरलेली, मनगट आणि कोपर ढिलं. कापडाची ढील संपली की समोरचा निघाला समजा. सराव संपत आल्यावर, अंग थकलेलं असताना जोडीदाराबरोबर पाच मिनिटं बिनडावाचं फिरा. थकल्यावर जोर लावायची खोड आपोआप जाते. नखं कापलेली असू द्यात.

मॅट अगदीच वाईट असं नाही. स्पर्धा खेळायची तर त्याशिवाय गत्यंतर नाही, आणि नुसत्या स्पर्शानं कुणी जिंकत नाही, दम आणि डाव लागतातच. बॉक्सिंगवाल्यांनी यातलं काही मनावर घेऊ नये, तिथं स्पर्श होईस्तोवर नाक फुटलेलं असतं. आणि डोळे बांधायचेच असतील तर वर्षभरानं बांधा, ओळखीच्या जोडीदाराबरोबर, शिक्षक शेजारी उभे असताना.