पॅरोलचा अर्ज फेटाळला गेला, आता पुढे काय करावे?

शिरोळ तालुक्यात माहेर आणि इचलकरंजीत सासर असलेल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे धाकटे बंधू खुनाच्या गुन्ह्यात 2019 पासून कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात जन्मठेप भोगत आहेत. आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते. त्या कारणासाठी बंधूंनी पॅरोल, म्हणजे कारागृहातून तात्पुरती रजा, मागितला, तो एका ओळीत नाकारला गेला. कारणे दोन दिली आहेत. फिर्यादीचे घर त्याच गावात असल्याने शांतताभंग होईल, असा पोलीस अहवाल आहे. आणि जुलै 2024 मध्ये संचित रजेवरून, म्हणजे फर्लोवरून, ते चार दिवस उशिरा परतले होते. पॅरोल मिळाला तर शिक्षा वाढते का आणि त्यापेक्षा फर्लोच मागावा का, असेही त्यांनी विचारले आहे.

ताई, आपण सोबत पाठवलेली अर्जाची प्रत मी दोनदा वाचली, कारण माझ्या मते अडचणीचे मूळ त्या प्रतीतच आहे. आई गेल्या वर्षभरापासून आपल्याकडे, इचलकरंजीत राहते, डायलिसिसही तिथेच होते, असे आपण लिहिता. अर्जात मात्र ‘रजेच्या काळात राहण्याचा पत्ता’ या रकान्यात माहेरच्या गावाचा पत्ता आहे, कारण कारागृहाच्या नोंदीत तोच होता आणि अर्ज लिहून देणाऱ्याने तो तसाच उतरवला. साहजिकच चौकशी गावच्या पोलीस ठाण्याकडे गेली आणि फिर्यादीचे घर दोन गल्ल्या सोडून असल्याचे पाहून त्यांनी प्रतिकूल अहवाल दिला. त्या अहवालात चूक काढता येणार नाही. चौकशीच चुकीच्या पत्त्यावर झाली.

म्हणून नवा अर्ज इचलकरंजीच्या पत्त्यावर करावा. भावाला आपल्या घरी ठेवून घेण्यास आपण व आपले यजमान तयार आहोत, असे प्रतिज्ञापत्र, घराचा पुरावा आणि जामीनदार म्हणून यजमानांची कागदपत्रे त्याला जोडावीत. रजेच्या काळात मूळ गावाच्या हद्दीत पाऊल ठेवणार नाही आणि इचलकरंजीच्या संबंधित पोलीस ठाण्यात ठरलेल्या दिवशी हजेरी देईन, अशी हमी बंधूंनी स्वतःहून लिहून द्यावी. शांतताभंगाच्या भीतीला याहून नेमके उत्तर नाही. भीती व्यक्त करायची पण तिला आधार द्यायचा नाही, अशा मोघम अहवालांवर रजा नाकारणे मुंबई उच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत अमान्य केले आहे.

आता चार दिवसांच्या उशिराविषयी. ही बाब लपवू नये, उलट अर्जात पहिल्यांदा तीच मांडावी. जुलै 2024 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली होती आणि शिरोळ तालुक्यातील अनेक गावांचे रस्ते पाण्याखाली होते. आपले कुटुंब त्या दिवसांत निवारा केंद्रात होते आणि तिथल्या नोंदवहीत बंधूंचे नाव व सही आहे, असे आपण जाता जाता लिहिले आहे. ताई, आपल्या संपूर्ण पत्रातील सर्वांत मोलाची ओळ ती आहे. त्या पानाची प्रमाणित प्रत तहसील कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मागवावी आणि पुराच्या पंचनाम्याची प्रत जोडावी. जो माणूस सरकारी निवाऱ्यात सरकारी वहीत सही करतो, पाणी ओसरताच स्वतःच्या पायाने कळंब्याच्या दारात उभा राहतो आणि ज्याच्यावर त्या उशिरासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 262 खाली (कायदेशीर कोठडीतून निसटणे) गुन्हाही नोंदला गेलेला नाही, त्याला फरारी म्हणता येत नाही. माफीचे, म्हणजे शिक्षेतील सवलतीचे, जे दिवस त्यासाठी कापले गेले, तेही परत मिळावेत असा वेगळा अर्ज कारागृह अधीक्षकांकडे द्यावा.

फर्लो आणि पॅरोल यांत लोकांची नेहमी गल्लत होते. दोन्ही रजा 1959 च्या फर्लो व पॅरोल नियमांखाली मिळतात. फर्लो म्हणजे संचित रजा ही ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर, घरचे नाते तुटू नये म्हणून मिळते. तिला कारण लागत नाही आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, तिला कारण लागते आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. शिक्षा वाढत नाही, पण बाहेर काढलेले दिवस नंतर आत काढावे लागतात. आकस्मिक पॅरोल निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा लग्न यांसाठी असतो. आईचे गंभीर आजारपण नियमित पॅरोलमध्ये येते, म्हणून अर्जाचे शीर्षक तसेच हवे. आजाराचे प्रमाणपत्र शक्यतो शासकीय रुग्णालयाचे घ्यावे आणि डायलिसिसच्या तारखांचा तक्ता जोडावा. माझे मत असे की पॅरोलसाठी प्रयत्न आताच करावा आणि फर्लोचा हक्काचा काळ येईल तेव्हा त्याचाही अर्ज द्यावा. मात्र ‘हक्काचा’ हा शब्द मी सैलपणे वापरला, कारण फर्लो हा बिनशर्त हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये याच नियमांचा अर्थ लावताना स्पष्ट केले आहे.

‘अभिवचन’ म्हणजे दिलेला शब्द. कैदी शब्द पाळू शकतो, या विश्वासावर औंध संस्थानाने स्वातंत्र्यापूर्वीच आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी केली आणि तिथे कैदी भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील ही गोष्ट मी आपल्याला मुद्दाम सांगतो, कारण भावासाठी रजा मागताना आपल्याला संकोच वाटतो, असे आपण लिहिले आहे. संकोचाचे कारण नाही.

नवा अर्जही नाकारला गेला, तर सकारण लेखी आदेशाची प्रत आवर्जून घ्यावी. त्यात अपिलाचा उल्लेख असेल तर ते मुदतीत करावे, अन्यथा उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका दाखल करावी. त्यासाठी आता मुंबईची वारी करावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे आणि कोल्हापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. खर्चाची चिंता करू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेल्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. बंधूंनी कारागृहातूनच अधीक्षकांमार्फत तशी मागणी करावी आणि आपण कसबा बावड्यातील न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आईच्या कागदपत्रांची एक प्रत देऊन ठेवावी. निवारा केंद्राच्या नोंदवहीचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्यावा, कारण अशा तात्पुरत्या वह्या फार काळ जपल्या जातीलच असे नाही.