सांधेदुखी: डॉक्टरांची चिठ्ठी गटापर्यंत पोचते का?

चालण्याचे गट, खुर्चीवर बसून करायचे व्यायाम, दुखणं सांभाळायला शिकवणारे वर्ग असे उपक्रम आणि दवाखाने यांची गाठ कशी घालायची, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

मी जनरल प्रॅक्टिस करतो. गुडघेदुखीच्या प्रत्येक पेशंटला ‘वजन कमी करा, व्यायाम करा’ सांगतो. पुढच्या वेळी तो गोळीच वाढवून मागतो. एखाद्या गटाचं नाव सुचवून फरक पडेल का?

नुसतं नाव सुचवून फारसा पडणार नाही. पण डॉक्टर काहीच बोलले नाहीत, तर पेशंट अशा ठिकाणी सहसा फिरकतच नाही. वर्गाला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण ‘डॉक्टर म्हणाले म्हणून आलो’ असंच सांगतात. म्हणजे तुमच्या शब्दाला वजन आहे, अडचण वेगळीच आहे. ‘व्यायाम करा’ यात कुठे, कोणत्या वारी, कोणाबरोबर हे काहीच नसतं. औषध लिहिताना ‘गोळी घ्या’ एवढंच लिहून तुम्ही कागद हातात देता का?

तेव्हा गटासाठीही रीतसर चिठ्ठी द्या. कोणता सांधा, निदान काय, बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास आहे का, कोणती हालचाल टाळायची, हे चार ओळींत मावतं. खाली गटाचा वार, वेळ आणि तिथे कोणाला भेटायचं त्या माणसाचं नाव. हे तुम्हीच लिहायला हवं असं नाही. बाहेर बसणाऱ्या सहायकाला छापील नमुना दिलात, तर तुमच्याकडे फक्त खुणा आणि सही उरते. त्याहून उत्तम म्हणजे पेशंटची परवानगी घेऊन त्याच्यासमोरच गटाला फोन लावणं. ‘सोमवारी या, मी दारातच उभी असते’ हे वाक्य कानावर पडलं, की माणूस जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आणि पुढच्या तपासणीला, गोळ्या संपल्या का हे विचारण्याआधी, ‘गटात कितीदा गेलात?’ हे विचारा. हा प्रश्न येणार हे माहीत असलं की लोक जातात.

हा सल्ला गोळीला दुय्यम आहे असं कोणाला वाटत असेल, तर अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना बघाव्यात. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी व्यायाम, वजन जास्त असल्यास ते घटवणं, स्वतःचं दुखणं सांभाळायला शिकवणारे वर्ग आणि ‘ताई ची’ हा संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार, या सगळ्यांची तिथे ठाम शिफारस आहे. वजनाबद्दल रागावण्यापेक्षा पेशंटला एक आकडा सांगा: गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात एक किलो वजन उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी झालेला दिसला. ओरडण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

आम्ही काही निवृत्त मंडळी आठवड्यातून दोनदा व्यायामाचा गट चालवतो. आसपासच्या डॉक्टरांना पत्रकं देऊन आलो. एकानेही पेशंट पाठवला नाही. आम्ही डॉक्टर नाही म्हणून का?

तेवढ्यासाठी नसावं. स्टॅनफर्डमध्ये केट लोरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवातासाठी जे वर्ग सुरू केले, ते प्रशिक्षण घेतलेली सर्वसामान्य माणसंच चालवत. त्यांतले अनेक जण स्वतः सांधेदुखीवाले होते, आणि तीच त्या वर्गांची ताकद होती.

डॉक्टरला धास्ती वेगळी असते. माझा पेशंट तिथे पडला तर? छातीत दुखायला लागलं तर? कोणी त्याची औषधं बंद करायला सांगितली तर? तुमचं पत्रक यावर काही बोलत नाही, नुसतं ‘निरोगी राहा’ म्हणतं. त्याऐवजी एक पान न्या. शिकवतं कोण, प्रशिक्षण कुठलं, एका वेळी किती जण, कोणाला घेत नाही, अचानक त्रास झाला तर काय करता. ओपीडी संपल्यावर जा, पाच मिनिटांत उठा.

मग खरं काम सुरू होतं, ते म्हणजे उलट चिठ्ठी पाठवणं. पेशंट आला तेव्हा हाताचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठू शकला आणि सहा आठवड्यांनी किती वेळा, एवढं त्याच्या संमतीने कळवा. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेला ‘ग्लॅड’ हा गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठीचा व्यायाम-कार्यक्रम फिजिओथेरपिस्ट चालवतात. तिथे तीन महिन्यांनी आणि वर्षाने रुग्णांच्या प्रगतीची नोंद ठेवतात. डॉक्टर अशा नोंदीवर विश्वास ठेवतात.

आणखी एक, जरा रोखठोक. वर्गात तेल, चूर्ण, गुडघ्याचे पट्टे विकायला कोणाला बसू देत असाल, तर ते आजच बंद करा. एवढ्या एका गोष्टीने डॉक्टर कायमचे तुटतात.

मला आमवात आहे, औषधं चालू आहेत. गटात बाकी सगळे गुडघ्यांच्या झिजेचे. मी गेले तर चालेल?

चालेल, पण तुमच्या चिठ्ठीत ‘आमवात’ हा शब्द ठळक असू द्या. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उठते, त्यामुळे व्यायाम हा औषधाच्या जोडीला असतो, बदली नसतो. शेजारच्या खुर्चीतल्या ताईंनी गोळ्या सोडल्या आणि त्यांना बरं वाटतंय, हे ऐकून तुम्ही मेथोट्रेक्सेटसारखं आमवाताचं औषध सोडू नका. आजार उसळलेला असेल त्या दिवसांत सुजलेल्या सांध्यावर जोर नको, हलक्या हालचाली पुरे. आजार जुना असेल तर मानेला पीळ देणारे, झटके देणारे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. एखादाच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर गटाचा विचार सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

वर्गाहून आल्यावर गुडघे ठणकतात. सोडून देऊ का?

नाही. थोडं दुखणं अपेक्षितच आहे. व्यायामाने वाढलेली कळ दोन तासांनंतरही उतरली नाही, तर पुढच्या वेळी वेळ किंवा जोर कमी करा. दुसऱ्या दिवशी सांधा नव्याने सुजला असेल, तर शिकवणाऱ्याला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, पण आई म्हणते, ‘मला नाही जायचं त्या म्हाताऱ्यांत.’ काय करू?

वाद घालू नका, आधी खरं कारण काढा. बऱ्याचदा ते वयाचं नसतंच. जिना किती आहे, तिथलं स्वच्छतागृह बसायचं की उकिडवं, जमिनीवरून उठता नाही आलं तर चारचौघांत शोभा होईल का, अशा गोष्टी मनात असतात आणि त्या मुलापाशी बोलायला संकोच वाटतो. गटाला फोन करून हे तुम्हीच विचारून घ्या. पहिल्या एक-दोन वेळा बरोबर जा. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बसून बघतील, तरी पुष्कळ झालं. मधे खंड पडला, तर त्याच दिवशी गटातून फोन यावा असं सांगून ठेवा, कारण आठवडा गेला की माणूस गुडघ्यांमुळे नाही, संकोचामुळे यायचं टाळतो.