२७७७७७७८८८८८८९९ या संख्येत एवढं विशेष काय आहे?

तिच्या सगळ्या अंकांचा एकमेकांशी गुणाकार करा. जे उत्तर येईल, त्याच्याही अंकांचा गुणाकार करा. एकच अंक उरेपर्यंत हेच चालू ठेवा:

४९९६२३८६७१८७२, ४३८९३९६४८, ४४७८९७६, ३३८६८८, २७६४८, २६८८, ७६८, ३३६, ५४, २०, ०.

अकरा पायऱ्या झाल्या. बारा पायऱ्या घेणारी एकही संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि अकरा घेणाऱ्यांमध्ये ही सर्वांत लहान आहे.

अकरा म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण दोन पायऱ्यांसाठी २५ पुरते, चारसाठी ७७, पाचसाठी ६७९. दहा पायऱ्या घेणारी सर्वांत लहान संख्या ३७७८८८८९९९. त्यानंतर फक्त एक पायरी वाढवायला थेट २७७ लाख कोटींच्या घरात जावं लागतं!

अडचण शून्याची आहे. कुठेही एक ० आला की पुढचा गुणाकार ० आणि साखळी संपली. ५ चं तसंच. त्याच्या सोबतीला एखादा सम अंक असला की गुणाकाराच्या शेवटी ० येणारच. वरच्या साखळीत ५ पहिल्यांदा दिसतो तो ५४ मध्ये, आणि तिथून दोन पायऱ्यांत सगळं आटोपतं.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते संख्येची घडण. पहिला गुणाकार ४९९६२३८६७१८७२ याचे मूळ अवयव पाडले तर २ एकोणीस वेळा, ३ चार वेळा आणि ७ सहा वेळा येतो. आता हाच गुणाकार देणारी सर्वांत लहान संख्या बनवायची, तर अंक कमीत कमी हवेत. तीन-तीन २ मिळून सहा ८ होतात आणि एक २ उरतो. दोन-दोन ३ मिळून दोन ९ होतात. ७ मात्र जोडता येत नाहीत. चढत्या क्रमाने मांडलं की आपली संख्या तयार. म्हणजे ७ आणि ८ च्या या रांगा योगायोगाने आलेल्या नाहीत. खरी दुर्मीळ गोष्ट आहे ती त्या तेरा अंकी गुणाकारात, आणि पुढच्या एकामागून एक गुणाकारांत, ० कुठेच न येणं.

(अंकांचा क्रम बदलला किंवा मध्ये हवे तितके १ घातले तरी पायऱ्या अकराच राहतात. त्यामुळे अकरा पायऱ्यांच्या संख्या अनंत आहेत.)

गणितज्ञ नील स्लोन यांनी १९७३ मध्ये हा प्रश्न मांडला. शोध घेताना प्रत्येक संख्या तपासावी लागत नाही, कारण अंकांच्या गुणाकारात २, ३, ५, ७ यांखेरीज मूळ अवयव येऊच शकत नाही. म्हणूनच संगणकाने २०,००० अंकांपर्यंतच्या संख्या पालथ्या घालता आल्या. बारा पायऱ्या तिथेही नाहीत. याचं कारण अंदाजाने कळतं: शंभर अंक कसेही पडले असं मानलं, तर त्यांत एकही ० नसण्याची शक्यता सुमारे ३७ हजारांत एक. अंक वाढतील तशी ती झपाट्याने घटते.

पण अंदाज म्हणजे सिद्धता नव्हे. २ च्या घातांचंही असंच आहे. ज्यात एकही ० नाही असा माहीत असलेला सर्वांत मोठा घात ८६ वा, ७७३७१२५२४५५३३६२६७१८११९५२६४. त्यापुढे असा घात नाहीच, हेदेखील अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.