लाइटनिंगच्या सुपरचार्जरचा बेल्ट घसरतोय हे कसं ओळखायचं?

सुपरचार्जरला छोटी पुली (बेल्टने फिरणारं चाक) बसवल्यापासून तुमच्या 2002 च्या फोर्ड लाइटनिंग पिकअपचा बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेचा जादा दाब, साडेचार हजार आरपीएमनंतर पडतोय, तर पहिला संशय बेल्टवरच घ्या. तिच्या 5.4 लिटर व्ही-8 वरचा ईटन एम112 सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंप) रूट्स प्रकारचा आहे. फेऱ्या वाढतील तशी तो जास्त हवा ढकलतो, त्यामुळे वरच्या आरपीएमला बूस्ट असा पडायला नको. छोट्या पुलीने ओढ वाढते आणि बेल्टला पकडायला जागा मात्र कमी उरते.

इंजिन बंद करून गार होऊ द्या आणि टॉर्च घेऊन पुलीजवळ वाका. आजूबाजूला काळी भुकटी, पुलीच्या खाचा आरशासारख्या चकचकीत, बेल्टच्या आतल्या बाजूला तकाकी, असं दिसलं तर बेल्ट घसरतोय. भेगा नाहीत म्हणून तो चांगला समजू नका. ईपीडीएम या कृत्रिम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, खाचांमधून झिजतात.

आयडलवर किंचाळत असेल तर हात, बाह्या लांब ठेवून आतल्या बाजूवर स्प्रेने थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग सैल पडली असेल तर नुसता नवा बेल्ट टाकून उपयोग नाही. तेल किंवा कूलंट गळत असेल तर आधी ते थांबवा.

बेल्टवर चिकट स्प्रे मात्र कृपया मारू नका. धूळ धरते आणि खरा दोष झाकला जातो.

हे सगळं ठीक निघालं तर बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे सुपरचार्जरची हवा गरज नसताना परत वळवणारी झडप, तपासा.